जॉर्ज मिल्टन: राखणदार, मित्र की आणखी काही? ('ऑफ माइस अँड मेन')

पिंपळपान | १० मार्च, २०:५५

लेक नववीत आहे (आम्ही न्यू जर्सीत असतो). शाळेत जॉन स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' लावली आहे आणि निबंधाला विषय आलाय: जॉर्ज हा लेनीचा चांगला मित्र आहे का? काल जेवताना तिने जाहीर केलं, "नाही. तो कंट्रोल फ्रीक आहे." मी आमटीचा डाव हातात धरून तशीच उभी.

मी ही कादंबरी कॉलेजात असताना पुणे-नाशिक एसटीत वाचली होती. संगमनेरला डोळे पुसत चहा प्यायलेला आठवतो. तेव्हापासून जॉर्ज म्हणजे देवमाणूस असंच डोक्यात बसलं होतं. लेकीशी भांडायला हाताशी मुद्दे हवेत म्हणून परत वाचायला घेतली. शंभरेक पानांचीच आहे, दोन संध्याकाळी संपली. आणि आता माझेच पाय डळमळीत झालेत.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (शेवट फुटणार आहे, नको असेल तर इथूनच मागे फिरा). पुस्तक १९३७ चं. मंदीचा काळ, कॅलिफोर्नियातलं सॅलिनास खोरं, सोलेदाद गावाजवळचा एक मोठा मळा. जॉर्ज मिल्टन लहानखुरा, डोक्याने तल्लख. लेनी स्मॉल आडनावाच्या अगदी उलट, अस्वलासारखा धिप्पाड आणि बुद्धीने लहान पोर. मऊ काही दिसलं की त्याला ते कुरवाळायचं असतं, आणि ताकद कळत नसल्याने ते त्याच्या हातात मरतं. आधी उंदीर, मग कुत्र्याचं पिल्लू, शेवटी मालकाच्या सुनेची मान. लोक त्याला हालहाल करून मारणार हे दिसल्यावर जॉर्ज त्याला नदीकाठी गाठतो, दोघांच्या स्वप्नातल्या शेताची गोष्ट सांगत राहतो आणि मागून गोळी घालतो.

जॉर्ज त्याला सांभाळतो यात वाद नाही. हरवेल म्हणून लेनीचं कामाचं कार्डसुद्धा स्वतःच्या खिशात ठेवतो. पण ओरडतो किती! खोटं किती बोलतो! तुम्ही कसं वाचलंत त्याला?

चहाटळ | १० मार्च, २१:१०

नववीतली मुलगी जेवणाच्या टेबलावर 'कंट्रोल फ्रीक' म्हणते तेव्हा ती पुस्तकाबद्दलच बोलतेय याची खात्री करून घ्या. हलकेच घ्या.

वाचनवेडा_७ | १० मार्च, २१:४८

माझ्यासाठी या प्रश्नाचा निकाल एका आठवणीत लागतो. सॅक्रामेंटो नदीची. जॉर्ज मळ्यावरच्या स्लिमला सांगतो की पूर्वी तो लेनीची चेष्टा करायचा, कारण त्याच्याशेजारी उभं राहिलं की आपण फार हुशार वाटायचो. एकदा पोरांचं टोळकं उभं होतं, त्यांच्यासमोर शायनिंग मारायला तो लेनीला म्हणाला, मार उडी. लेनीने मारली. पोहता येत नव्हतं. बाहेर काढेपर्यंत मरायला टेकला होता. आणि वर काढल्यावर लेनीने जॉर्जचे आभार मानले! उडी मारायला कोणी सांगितलं हे तो विसरूनच गेला होता. त्या दिवसापासून जॉर्जने चेष्टा सोडली.

गंमत अशी, की ही गोष्ट त्याला कोणी विचारलेली नव्हती. एका दिवसाची ओळख असलेल्या माणसापुढे तो आपणहून हे ओकतो. मनात सलत असल्याशिवाय असं होत नाही. मला तर तो इथेच मित्र वाटायला लागतो. आधी नव्हता, लाज वाटली तेव्हापासून झाला.

मनकवडी | १० मार्च, २२:३०

वाचनवेडा, चेष्टा सोडली हे खरं, पण हुकूम सोडला का?

मालकाच्या पोराशी, कर्लीशी, मारामारीचा प्रसंग काढा. कर्ली लेनीला नाकातोंडातून रक्त येईपर्यंत ठोसे मारतोय आणि हा एवढा मोठा माणूस हात खाली सोडून जॉर्जच्या नावाने हाका मारतोय. परवानगी नाही म्हणून स्वतःला वाचवतही नाही. जॉर्ज ओरडतो, धर त्याला. मग लेनी कर्लीची मूठ पकडतो आणि हाताचा चुराडा करतो. आता जॉर्ज ओरडतो, सोड. भेदरलेल्या लेनीला ते ऐकूच येत नाही. जॉर्ज त्याच्या थोबाडीत मारत सुटतो तरी पकड सुटत नाही. चालू करायचं बटण जॉर्जकडे आहे, बंद करायचं नाही, आणि हे वीड गावात त्या मुलीच्या लाल झग्याच्या वेळी त्याने एकदा पाहिलेलं आहे. तेव्हाही लेनीने घाबरून झगा घट्ट धरला होता, आणि जॉर्जला कुंपणाचा दांडका त्याच्या डोक्यात घालावा लागला होता.

आणि ते "मी एकटा असतो तर"! पहिल्याच रात्री शेकोटीपाशी केवढा मोठा पाढा वाचतो. महिन्याचे पन्नास डॉलर घेऊन शहरात गेलो असतो, प्यायलो असतो, पत्ते कुटले असते. आपल्याकडे कर्तव्यदक्ष नातेवाईक करतात ना, जेवायला वाढायचं आणि वाढताना ऐकवायचं, तेच. फक्त तिथे लेनीही कच्चा नाही बरं का. मी जातो डोंगरात, राहीन एखाद्या गुहेत, म्हणतो. जॉर्ज वरमला हे ओळखून लगेच सशांची गोष्ट (स्वप्नातल्या त्या शेतावर लेनी ससे सांभाळणार असतो) वसूल करतो. ते पान मी हसत हसत वाचलं.

आडवाटेचा | ११ मार्च, ०७:१५

२०२०नंतरच्या चष्म्यातून १९३०च्या दशकातल्या माणसाला 'कंट्रोल फ्रीक' म्हणण्याआधी त्याच्यापुढे पर्याय कोणते होते ते बघावं. १९३३ साली अमेरिकेत साधारण दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. १९३५ चा सामाजिक सुरक्षेचा कायदा आला त्यातून शेतमजूर वगळलेले. अपंगांना केंद्राकडून विमा-भत्ता मंजूर व्हायला १९५६ उजाडलं, तोही सुरुवातीला पन्नाशी ओलांडलेल्यांनाच. लेनीला वाढवणारी क्लारामावशी गेल्यावर त्याचं कोण? कोणी नाही.

मग उरतं ते वेड्यांचं इस्पितळ. कॅलिफोर्नियाने १९०९ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता आणि पुढच्या काही दशकांत सरकारी संस्थांमधल्या सुमारे २०,००० लोकांवर ती शस्त्रक्रिया झाली. 'मंदबुद्धी' हा शिक्का त्यासाठी पुरायचा. कादंबरीत हे कुठे लिहिलेलं नाही, पण तबेल्यातला क्रुक्स लेनीला घाबरवताना म्हणतो ना, की जॉर्ज परत आला नाही तर तुला नेऊन कुत्र्यासारखा पट्टा घालून बांधतील, ती भीती हवेतली नाही. जॉर्ज "तू तोंड उघडू नकोस, मी बोलतो" म्हणतो ते या पार्श्वभूमीवर ऐका.

खुरपं | ११ मार्च, ०९:०२

आडवाटेचा, प्रतिसाद पटला. मला मालकाच्या चौकशीचा प्रसंग लागला. लेनीच्या वतीने जॉर्ज बोलतोय म्हटल्यावर मालक विचारतो, तुझा यात काय फायदा, याची मजुरी तू खातोस का? मी बीडचा. आमच्याकडून ऊसतोडीला जातात तेव्हा उचल देताना मुकादम 'कोयता' धरतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सुट्या माणसाला सहसा कोणी विचारत नाही. तिकडे उलटं, जोडीनं फिरणाराच संशयित! पण मालक विचारतो ते चूक नाही. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस त्याच्या पैशाला हात लावत नाही हे आम्हीही फार कमी पाहिलंय.

तिरपागडे | ११ मार्च, १३:२०

सगळे दोन बाप्यांबद्दलच बोलताय म्हणून थोडं अवांतर. मेली कोण? तिला पुस्तकभर नावसुद्धा नाही, 'कर्लीची बायको' एवढंच. तिला सिनेमात जायचं होतं, त्या मळ्यावर बोलायला एक बाई नाही, नवरा असला. जॉर्ज तिला पहिल्यांदा पाहतो तेव्हाच ठरवून टाकतो की ही म्हणजे सापळा, हिच्या वाऱ्याला उभं राहू नकोस. आता विचार करा, लेनीच्या हातून काय होऊ शकतं हे पूर्ण माहीत असलेला त्या मळ्यावरचा पहिला माणूस कोण? धोका लेनीकडून तिला होता. त्याने सावध केलं लेनीला, तिच्यापासून. तिला कोणीच काही सांगितलं नाही. लेनीने केसांना हात लावावा म्हणून तीच त्याला बोलावते, कारण तिला काही ठाऊकच नसतं.

हा माझ्या मते जॉर्जचा सर्वांत मोठा दोष. ओरडणं वगैरे किरकोळ.

चहाटळ | ११ मार्च, १३:४१

तिरपागडे, जेवण झाल्यावर वाचायला हवा होता हा प्रतिसाद.

अवांतरात भर: सोलेदाद म्हणजे स्पॅनिशमध्ये एकाकीपण. आणि जॉर्ज पुस्तकभर पत्त्यांचा कोणता डाव मांडून बसतो? सॉलिटेअर. एकट्याचा. मित्र समोर बसलेला असताना. लेखकाने आपल्याला ढोसून ढोसून सांगितलंय आणि मला हे तिसऱ्या वाचनात दिसलं.

निवांत_नदी | ११ मार्च, २३:५०

एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहिते.

माझा मोठा भाऊ बावन्न वर्षांचा आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याचं बौद्धिक वय सहा-सात. आई-बाबा गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. बँकेत, दवाखान्यात, रिक्षात मी त्याला म्हणते, "दादा, तू बोलू नकोस, मी बोलते." जॉर्ज लोकांना सांगतो की लेनी माझा चुलतभाऊ, लहानपणी घोड्याने डोक्यात लाथ मारली. मी सांगते, त्याला कमी ऐकू येतं. दादाला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. खोटं का बोलते? त्याला कोणी हसू नये म्हणून. आणि माझ्याकडे कोणी तसं बघू नये म्हणून. यातलं कुठलं किती, हे मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही.

ओरडण्याबद्दल मनकवडी म्हणतात ते बरोबर आहे. वाढताना ऐकवलेलं आहे मी. एकदा तर "तू नसतास तर" हेच शब्द. तो म्हणाला, "मग मी गॅलरीत झोपू का?" शेकोटीचं पान वाचून मला हसू आलं नाही, मनकवडी, पण तुम्हाला आलं त्याचा राग नाही.

तिरपागडे यांचा मुद्दा मात्र आतपर्यंत गेला. जॉर्जने काय काय तयारी केली बघा. मळ्यावर पोचायच्या आधीच लेनीला नदीकाठची झाडी दाखवून ठेवली, काही झालं तर इथे येऊन लप. बिघडलं तर पळायचं कसं, हे पाठ. बिघडू नये म्हणून? स्लिमला थोडंफार सांगितलं, तेही संध्याकाळी गप्पा निघाल्या म्हणून. बाकी सगळी भिस्त लेनीच्या लक्षात राहण्यावर, ज्याला आपण कुठे चाललोय हेही लक्षात राहत नाही. आपण लपवतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण राखतोय. दादा खाली खेळणाऱ्या मुलांच्या गालांना हात लावतो. मी वर्षानुवर्षं त्याला रागावत आले. सोसायटीतल्या आयांना सरळ जाऊन सांगायला मला अकरा वर्षं लागली. सांगितल्यावर दोघी दुरावल्या, बाकीच्या नाही.

आणि शनिवारी रात्री जॉर्ज लेनीला सोडून इतरांबरोबर गावात गेला, रविवारी बाहेर घोड्याचे नाल फेकण्याचा खेळ बघत होता, नेमकं तेव्हा गवताच्या कोठारात सगळं घडलं. त्याबद्दल त्याला बोल लावू नका. माणसाला एखादा रविवार लागतो.

वाचनवेडा_७ | १२ मार्च, ००:१२

निवांत_नदी, लिहीत जा हो. माझा 'लाज वाटली तेव्हापासून मित्र झाला' हा निकाल जरा घाईचा होता, मागे घेतो.

पुराव्यानिशी | १२ मार्च, १०:३०

शेवटाकडे येऊ या. दोष-अदोष तिथेच ठरणार.

पिस्तूल मळ्यावरच्या कार्लसन नावाच्या मजुराचं. त्याच पिस्तुलाने कार्लसनने आधी म्हाताऱ्या कँडीचा म्हातारा कुत्रा मारलेला असतो, डोक्याच्या मागे कुठे नेम धरायचा, म्हणजे कळतसुद्धा नाही, हे समजावून सांगत. नंतर कँडी जॉर्जलाच म्हणतो की माझ्या कुत्र्याला मी स्वतः मारायला हवं होतं, परक्याच्या हाती द्यायला नको होतं. जॉर्जने पुढे केलं ते शब्दशः हेच. म्हणजे मैत्रीचा शेवटचा धडा तो एका कुत्र्याच्या मालकाकडून घेतो. हे उदात्त की भयंकर? मला दोन्ही एकदम वाटतं.

आता पुस्तकाबाहेरचं, पण याच्याशी बांधलेलं. २००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बौद्धिक अक्षमता असलेल्याला देहान्त देता येणार नाही. तशी अक्षमता कोणाची मानायची हे राज्यांवर सोडलं. २००४ मध्ये टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने निकालपत्रात चक्क लेनीचं उदाहरण घेतलं: स्टाइनबेकच्या लेनीला सूट मिळावी हे बहुतेक टेक्सासवासीयांना मान्य होईल, अशा आशयाचं. पुढे कसोट्यांची यादी. त्यातली एक अशी, की हा माणूस स्वतःच्या फायद्यासाठी गोष्टी लपवू शकतो का, परिणामकारक खोटं बोलू शकतो का? लेखकाच्या मुलाने २०१२ मध्ये यावर जाहीर संताप व्यक्त केला होता. अखेर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कसोट्या मोडीत काढल्या.

विनोद असा, की लेनी मेलेला उंदीर खिशात लपवतो आणि माझ्याकडे काही नाही म्हणून जॉर्जला सांगतो. पिल्लू कोटाआड दडवून आणतो. कसोटी काटेकोर लावली असती तर लेनी स्वतःच लेनी ठरला नसता.

मनकवडी | १२ मार्च, ११:१५

पुराव्यानिशी, शेवटचं वाक्य भारी.

पण दयामरण म्हणताना एक विसरू नका, लेनीला कोणी विचारलं नाही. जॉर्ज त्याला टोपी काढायला लावतो, नदीपलीकडे बघ म्हणतो, तो बघतो. सॅक्रामेंटोत उडी मार म्हटल्यावर मारली होती तसाच. मी जॉर्जला खुनी म्हणत नाहीये. कर्ली पोटात गोळी घालणार म्हणून बंदूक घेऊन निघालेला होता, वेळ नव्हता, सगळं मान्य. फक्त ते दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. पाणी दोन्हीकडे आहे.

आणि नंतर कार्लसन विचारतो, त्याच्याकडे पिस्तूल होतं ना, तू हिसकावून घेतलंस ना? जॉर्ज हो हो करतो. लेनी गेल्यावरही त्याच्या वतीने खोटं बोलणं सुटत नाही.

चहाटळ | १२ मार्च, ११:३२

वातावरण फार गंभीर झालंय म्हणून: या पुस्तकाचं अर्धं हस्तलिखित लेखकाच्या टोबी नावाच्या कुत्र्याने फाडून खाल्लं होतं. दोन महिन्यांची मेहनत गेली, परत लिहावं लागलं. कँडीच्या कुत्र्याचं काय होणार हे त्याने वाचलं असावं.

आडवाटेचा | १२ मार्च, १९:०५

जाता जाता, १९९२ चा सिनेमा कोणी पाहिलाय का? गॅरी सिनिजने दिग्दर्शन करून जॉर्जही स्वतःच केलाय, जॉन माल्कोविच लेनी. १९३९ चाही आहे. मला सिनिजचा जॉर्ज जरा जास्तच देखणा वाटला, पुस्तकातला अधिक चिडका आहे.

खुरपं | १२ मार्च, १९:२०

पाहिलाय. घोडी, नांगर, बार्लीची पोती बघायला मजा आली. देखण्याचं आम्हाला काय कळतंय.

पिंपळपान | १६ मार्च, ०८:४०

सगळ्यांचे आभार. शाळेचं काम म्हणून लेकीला धागा दाखवायचा नाही असं ठरवलं होतं, पण तिने निबंध दिल्यावर दाखवला. आता तिचं काय झालं ते सांगते.

ती 'कंट्रोल फ्रीक'वरून हलली, पण माझ्या देवमाणसाकडेही आली नाही. तिने पकडला तो शेताचा हिशेब. जॉर्ज लेनीला दहा एकरांची गोष्ट रोज सांगतो, अंगाईसारखी, त्याची त्याला पाठ आहे. मग एक दिवस कँडी मध्येच बोलतो, मला घ्या, माझे साडेतीनशे डॉलर होतील. जागा सहाशेला मिळतेय. म्हणजे महिन्याभरात जमेल! त्या क्षणी सगळ्यांत जास्त चकित कोण होतं, तर जॉर्ज. गोष्ट सांगणाराच. आणि ती बाई मेल्यावर तो कँडीला म्हणतो, की मला बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं हे व्हायचं नाही, पण याला ऐकायला इतकं आवडायचं की मलाही वाटायला लागलं होईल.

तिचं म्हणणं असं: लेनीला जॉर्ज लागतो जगायला, हे सगळ्यांना दिसतं. जॉर्जला लेनी लागतो तो विश्वास ठेवायला, कारण जॉर्जचा स्वतःच्या गोष्टीवर नाही. म्हणून तो मित्र आहे, पण सांभाळतो म्हणून नाही. मी विचारलं, मग लेनी गेल्यावर कँडी होता की, पैसे होते, दोघांनी घ्यायचं होतं शेत? ती म्हणाली, "आई, कँडीला गोष्ट खरी वाटली होती, पण तो हिशेब विचारायचा. लेनी फक्त ससे विचारायचा."

बाईंनी बी प्लस दिलाय. शेरा: शेवटच्या प्रसंगाबद्दल पुरेसं लिहिलेलं नाही. लेकीचं उत्तर, त्याबद्दल सगळेच लिहितात.

तिरपागडे | १६ मार्च, ०९:१०

बाईंना हा धागा पाठवा, ए प्लस मिळेल. कर्लीच्या बायकोबद्दल लिहिलं का तिने?

पिंपळपान | १६ मार्च, ०९:२५

एक परिच्छेद. 'तिला नाव नाही' यावरच आहे तो. तुमच्या आधी लिहिलाय, शपथ.

निवांत_नदी | १७ मार्च, २२:१५

गेल्या आठवड्यात दादाला ही गोष्ट सांगितली. शेवट नाही सांगितला, मळ्यावर पोचतात तिथपर्यंतच. पहिल्या रात्री ते डब्यातले घेवडे गरम करतात, लेनी म्हणतो मला केचपबरोबर आवडतात, आणि जॉर्ज खेकसतो, की नाहीये केचप, जे नसतं तेच तुला हवं असतं.

दादा रोज झोपताना विचारतो, "मग त्याला नंतर मिळालं का केचप?" मी सांगितलं, मिळालं. जॉर्जने गावातून आणलं.

मनकवडी | १७ मार्च, २२:३१

बरं केलंत.

चहाटळ | १७ मार्च, २२:४०

...

रविवारकर | २ एप्रिल, १८:०४

धागा आत्ता वाचला. ठाण्यात कोणाकडे पुस्तकाची प्रत आहे का? पंधरा दिवसांत परत देईन. घरात कुत्रा नाही.